मधली भिंत आणि डिझेलचा डबा

अक्का, तुम्ही गेलात आणि गावानं तुम्हाला लगेच देवमाणूस करून टाकलं. तेराव्याला आलेली एकेक बाई डोळ्याला पदर लावून सांगत होती, अक्का कधी कुणाला वाकडं बोलल्या न्हाईत म्हणून. मी भाताचं पातेलं घेऊन पंगतीत उभी होते. मनात म्हटलं, मला विचारा की! एवढी वर्षं मी तुमची धाकटी जाऊ होते, एका भिंतीच्या अलीकडं पलीकडं आपण दोघींनी धारा काढल्या. वाकडं बोलणं म्हणजे काय ते माझ्याएवढं कुणाला माहीत असणार?

मला एक गोष्ट तुम्हाला विचारायची राहिली आणि एक सांगायची राहिली. विचारायची ती अशी, की त्या दिवशी दिवेलागणीला, मी घरात नसताना, हातात डिझेलचा डबा घेऊन तुम्ही माझ्या गायीपाशी काय करत होतात? सांगायची ती पुढं सांगते. जरा धीर यायला हवा.

माझा स्वभाव संशयी आहे, हे चारचौघींत तुम्हीच सांगायचात. ‘मंगलला देवानं परसाद दिला तरी ती आधी वास घिऊन बघंल,’ असं म्हणून सगळ्यांना हसवायचात. आहे तर आहे. मी मेथीची जुडी सोडून आतून बघते, दवाखान्यातलं गोळ्यांचं पाकीट कुणाकडून तरी दोनदा वाचून घेते. तुमच्याबद्दल तर मला पहिल्या दिवसापासून संशय होता.

मी लग्न होऊन आले तेव्हा गायीला हात लावायची मला भीती वाटायची. माझं माहेर माळशिरसचं, तिकडं सगळा ऊस आणि ट्रॅक्टर. तुमचं माहेर दुधनीच्या पलीकडं. तुम्ही जनावरांशी कानडीत बोलायचात. गाय पाय झाडायला लागली की ‘सुम्निरु, सुम्निरु’ म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवायचात, आणि ती उभी राहायची गप्प. मला वाटलं, बाई काहीतरी मंत्र टाकते. ह्यांना विचारलं तर हे पोट धरून हसले. ‘गप ऱ्हा’ एवढाच त्याचा अर्थ, म्हणाले. तरी माझी पूर्ण खात्री काही झाली नाही.

गोचीड काढायला तुम्हीच शिकवलंत. धार झाली की गायीच्या कानामागं, शेपटीखाली, कासेच्या बाजूला बोटं फिरवायची. ‘वडू नगं, तोंड आत ऱ्हातंय. पिरगाळ हळूच,’ म्हणायचात. आणि काढलेला गोचीड मारायचा नाही, हा तुमचा नियम. त्याच्या पोटात आपल्याच गायीचं रक्त असतं, ते गोठ्यात सांडलं की दूध आटतं, असं तुम्हाला तुमच्या आईनं सांगितलेलं आणि तुम्ही मला. म्हणून तो चिमटीत धरायचा आणि गोठ्याच्या हद्दीबाहेर टाकायचा. मी तेव्हाही विचारलं होतं, ‘बाहेर टाकला की परत येत न्हाय व्हय त्यो?’

‘त्याला काय पाय हायत?’ तुम्ही म्हणालात.

आठ असतात, अक्का. मला नंतर डॉक्टरीणबाईंनी दाखवले.

मग वाटण्या झाल्या. चुली वेगळ्या झाल्या आणि गोठ्याच्या मधोमध छातीएवढी भिंत आली. दगडमातीची, घाईत रचलेली. ती लिंपायची कुणी यावरून दोघं भाऊ अडून बसले आणि भिंत राहिली तशीच, फटीफटींत बोट जाईल अशी. सकाळ-संध्याकाळ तुमच्या चरवीचा आवाज मला यायचा, माझ्या चरवीचा तुम्हाला. आज तुमच्या गायीनं किती दूध दिलं याचा अंदाज मी त्या आवाजावरून बांधायची. तुम्हीही बांधत असणारच, मला काय माहीत नाही?

आता सांगायची ती गोष्ट. माझ्या गोठ्याची हद्द कुठं संपत होती? त्या भिंतीपाशी. म्हणजे भिंतीपलीकडं बाहेरच झालं की. पहिला गोचीड मी आळसानं टाकला. उकिरड्यापर्यंत कोण जाणार, म्हणून भिंतीवरून दिला भिरकावून. मग सवय लागली. रोजचे टपोरे, रक्त पिऊन फुगलेले गोचीड मी तुमच्या बाजूला टाकत गेले. ज्या दिवशी तुम्ही मला टोचून बोललेल्या असायचात, त्या दिवशी तर नेम धरून टाकायची. ‘जा, थोरलीकडं जा,’ म्हणायची आणि एकटीच हसायची. मला तेवढंच समाधान. हे मी ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही.

पहिली गेली तुमची चंद्री. तिची आई तिला टाकून मेलेली, तुम्ही बाटलीनं दूध पाजून तिला वाढवलेलं. जर्सीच्या पोटची संकरित कालवड, कपाळावर पांढरा टिकला. माणसासारखी तुमच्या मागं मागं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायची. तिला ताप भरला, तिनं चारा सोडला, आणि तिसऱ्या दिवशी तिची लघवी काळ्या चहासारखी लाल झाली. कुणी म्हणालं उष्णता, तुम्ही धण्याचं पाणी पाजलंत. कुणी म्हणालं रानात कायतरी वंगाळ खाल्लं, तुम्ही ताक पाजलंत. कुणी म्हणालं नजर लागली, तर तुम्ही मिरच्याही ओवाळून टाकल्यात. डॉक्टरला बोलवायचं सुचेपर्यंत ती आडवी झाली. तिचं डोकं मांडीवर घेऊन तुम्ही ‘सुम्निरु, सुम्निरु’ म्हणत बसला होतात, आणि ती केव्हाची गप्प झाली होती.

मी भिंतीपलीकडून बघत होते. तुम्ही मान वर केलीत आणि माझ्याकडं बघितलंत. लई वेळ बघितलंत. मला वाटलं, झालं, आता ही बाई माझ्यावर आळ घेणार. दोनच दिवसांत भिंतीवर लिंबू-मिरची आणि बिब्बा लटकला, तोही नेमका माझ्याकडं तोंड करून. माझं डोकंच फिरलं. नजर लावणारी मी व्हय? मी तुमच्याशी बोलणं टाकलं. चंद्रीसाठी चार शब्द बोलायला हवे होते, तेही बोलले नाही.

मग पुढच्या वर्षी पाळी माझ्या जर्सी गायीची, राणीची.

मी चार दिवसांसाठी भावाकडं माळशिरसला गेले होते. एक दिवस आधीच परत आले, कुणाला न कळवता. न कळवता आलं की घरात खरं काय चाललंय ते दिसतं, अशी माझी आपली रीत. ह्यांची रानातून यायची वेळ झाली नव्हती. गोठ्यात शिरले तर राणीच्या मागं तुम्ही वाकलेल्या! हातात पत्र्याचा डबा. मला बघितलंत आणि दचकून डबा पदराखाली घेतलात.

‘आलीस व्हय? गाय हंबरत हुती म्हणून बघाय आले,’ म्हणालात आणि तरातरा निघून गेलात.

राणी कधी हंबरायची नाही. गोठ्यात डिझेलचा वास सुटला होता. मी तिचं तोंड हुंगलं, पाणी ओतून दिलं, गव्हाणीतला चारा बाहेर फेकला. आणि पाचव्या दिवशी राणीला ताप भरला. सातव्या दिवशी लघवी लाल.

तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? तुमचे खिलार बैल अंगावर गोचिडांचे घोस घेऊन ठणठणीत उभे होते. त्यांना कधी साधा ताप नाही. मग माझ्याच गायीला का? मी तुमच्या दारात येऊन उभी राहिले. अख्खी गल्ली जमली.

‘काय घातलंत माज्या गायीला? त्या डब्यात काय हुतं, सांगा की आता सगळ्यांसमोर!’

तुम्ही तांदूळ निवडत होतात. सूप बाजूला ठेवून उठलात. ‘काय घातलं न्हाय ग, मंगल. मी तर...’ एवढं बोलून थांबलात. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून तर माझी खात्रीच पटली. काय केलं नाही तर रडती कशाला? ‘बघा, चोर सापडला की असंच ततपप होतंय,’ असं मी जमलेल्या बायकांना सांगितलं. एरवी माझ्या एका वाक्याला चार परत करणारी बाई त्या दिवशी खाली मान घालून आत गेली.

ह्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या नवीन आलेल्या, वयानं लहान, पायात पांढरे बूट. मी म्हटलं, ही काय गायीच्या शेणात पाय घालणार? पण त्यांनी सरळ राणीच्या डोळ्याचं खालचं पातं ओढून बघितलं, तापमापी लावली, कान टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि लगेच इंजेक्शन भरलं. मी आडवी आले. आजार कळायच्या आधीच औषध? त्या म्हणाल्या, ‘काकू, रिपोर्टची वाट बघत बसलो तर रिपोर्ट येईल, गाय नसेल.’ मग मी बाजूला झाले, पण ती काच मी कुणाच्या हाती दिली नाही. कोण कुणाची काच बदलेल, काय नेम? रुमालात गुंडाळून, मांडीवर पिशवी धरून मी स्वतः सोलापूरला गेले. सात रस्ता चौकात उतरून प्रयोगशाळेचा पत्ता तीन माणसांना विचारला. पहिल्यानं बरोबरच सांगितलेला, पण मला काय ठाऊक?

रिपोर्ट आला, गोचीड ताप. तोवर राणी उठून उभी राहिली होती.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी तुम्हालाही बोलावून घेतलं. सांगितलं, की हा रोग गोचिडाच्या तोंडातून गायीच्या रक्तात जातो आणि रक्त फोडतो. फुगलेला गोचीड भुईवर पडला की फटीत शिरून हजारांनी अंडी घालतो, आणि त्यातून निघालेलं पिल्लूसुद्धा तो रोग घेऊनच निघतं. आपल्या गावठी जनावरांना त्याची सवय असते, जर्सीला ते सोसत नाही. मग त्यांनी एक काडी घेतली, भिंतीच्या फटीत घालून फिरवली आणि बाहेर ओढली. अक्का, तुम्हाला आठवतं का ते? राजगिऱ्यासारखी तपकिरी अंडी, आणि त्यात वळवळणारे बारीक बारीक पाय.

‘गोचीड काढल्यावर टाकता कुठं?’ त्यांनी विचारलं.

‘जाळतो की,’ मी म्हणाले. तोंडातून आपोआप आलं.

‘आणि तुम्ही?’

‘डिझेलात टाकते,’ तुम्ही म्हणालात.

डिझेल म्हटल्यावर माझे कान टवकारले. गोचीड मारायचा नाही म्हणून मला शिकवणारी बाई तो डिझेलात टाकते? त्या दिवशीचा डबा झाकायला बरं सुचलं हिला, असंच मला वाटलं. आणि तुमच्या गायीचे गोचीड असतील, तर डबा माझ्या गोठ्यात कशाला?

पण त्याच वेळी आत दुसरंच काहीतरी हललं होतं. चंद्रीची लघवी आणि राणीची लघवी एकाच रंगाची होती. चंद्री भिंतीच्या अगदी लगत बांधलेली असायची, जिथं माझे गोचीड जाऊन पडायचे, बरोब्बर तिथं. मला सगळं कळलं, अक्का. कळलं आणि मी ते गिळून टाकलं. तुमच्यावर संशय धरून राहणं मला सोपं होतं. तुम्ही गुन्हेगार असलात की मला माझ्याकडं बघावं लागत नव्हतं.

नंतर आपण भिंतीच्या दोन्ही बाजूंनी फवारणी केली. एकीनं करून उपयोग नाही, असं बाईंनी बजावलेलं. त्या निमित्तानं आपलं कामापुरतं बोलणं सुरू झालं. औषध किती पाण्यात, जनावरं कधी बाहेर काढायची, एवढंच. गल्लीत तुम्हाला चोर म्हटलं त्याची माफी मी मागितली नाही. डब्याचं तुम्ही सांगितलं नाही. सहा वर्षं गेली अशी.

गेलात त्या दिवशी सकाळी धार काढताना तुम्ही भिंतीवरून म्हणालात, ‘मंगल, ही भिंत लिंपून घिऊ की ग एकदा. दोगी मिळून.’

मी म्हणाले, ‘बघू.’

मला वाटलं, माती माझ्या रानातली वापरायचा बेत दिसतोय. खरंच तेवढंच वाटलं. दुपारी तुमच्या छातीत कळ आली आणि चारच्या आत सगळं आटोपलं. ‘बघू’ हा माझा तुमच्याशी शेवटचा शब्द. मी तुमच्या पायाशी बसून रडले तेव्हा लोकांना वाटलं, जावांचं केवढं प्रेम. रडले ते त्या ‘बघू’पायी.

काल मी माती भिजवली. माझ्याच रानातली आणली. शेण, भुसा घालून तुडवली आणि तुमच्या सुनेला, सुनंदाला, हाक मारली. ती तिकडून, मी इकडून. लिंपायच्या आधी ती काडीनं फटी कोरून साफ करत होती आणि निघालेले गोचीड एका पत्र्याच्या डब्यात टाकत होती. मी बघितलं आणि हातातली माती खाली पडली. तोच डबा, कडेला पोचा आलेला.

‘ह्यो डबा कुणाचा ग?’

‘आत्यांचा की. मी लगीन करून आले तवा पयलं हेच शिकवलं त्यांनी. गोचीड डिझेलात टाकायचा. भुईवर न्हाय, आणि भिंतीपलीकडं तर मुळीच न्हाय.’ ती हसली. ‘मी म्हणलं, आत्या, भिंतीपलीकडं कोण टाकतंय? तर म्हणल्या, मी टाकत हुते. लई वर्सं. मंगलच्या गोठ्यात.’

मी खाली पडलेली माती उचलून परत हातात घेतली.

‘चंद्री गेल्यावर त्या डॉक्टरांकडं गेल्या हुत्या म्हणं. तवा कळलं त्यास्नी, गोचिडानं काय हुतंय ते. मग तुमच्या गायीला कायतरी हुईल म्हणून लई भ्या घेतलं. तुमी गावाला गेला की गुपचूप जाऊन तुमच्या गायीचे गोचीड काढून आणायच्या, ह्याच डब्यात. काकी, तुमाला खरंच म्हाईत न्हाय?’

‘मग सांगितलं का न्हाय मला?’

‘म्हणायच्या, सांगितलं तर ती जन्मात माज्या दारात पाऊल ठेवायची न्हाय. तिची गाय माज्यामुळंच आजारी पडली.’

अक्का! म्हणजे मी इकडून तिकडं आणि तुम्ही तिकडून इकडं. दोन बाया, दोन्हीकडून नेम धरून. सगळ्यांसमोर मी तुम्हाला चोर म्हणाले आणि तुम्ही ऐकून घेतलंत, कारण तुम्हाला वाटलं मी खरंच बोलतेय. मी तुमच्यावर एवढी वर्षं संशय घेतला तो काही अगदीच खोटा नव्हता, बघा. पण असा खरा निघेल, असं नव्हतं वाटलं. मला हसू फुटलं. हसता हसता मी भिंतीला धरून खाली बसले आणि मग ते हसू राहिलं नाही.

एक मात्र मला अजून कळत नाही. तुम्ही टाकायचं बंद केलंत, मी तर त्यानंतरही वर्षभर टाकतच होते. राणी आजारी पडेपर्यंत. माझे टपोरे गोचीड तुमच्या शेणात पडलेले तुम्हाला दिसले असणार. तुमची नजर किती बारीक, मला माहीत आहे. चंद्री गेली तेव्हा माझ्याकडं एवढा वेळ बघत होतात, तेव्हा नसेल कळलं, पण डॉक्टरांकडं जाऊन आल्यावर? आणि कळलं होतं, तर मग माझ्याच गायीचे गोचीड वेचायला का येत होतात? याचं उत्तर मला आता कोण देणार?

‘आणि काकी,’ सुनंदानं भिंतीवरून वाकून विचारलं, ‘तुमी कुटं टाकायचा गोचीड?’

‘जाळतो की’ हे तोंडात तयार होतं. सहा वर्षं मुरलेलं.

‘तुमच्याकडं,’ मी म्हणाले. ‘सगळे तुमच्याकडं टाकायची. चंद्री माज्यामुळं गेली, सुनंदा. मला म्हाईत हुतं. अक्का हुत्या तवर सांगितलं न्हाय.’

तिनं हातातली काडी खाली ठेवली. मला वाटलं, आता ही डबा उचलून आत जाणार, दार लावून घेणार, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळणार. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. मी रडत होते आणि रडता रडताही डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्यावर नजर ठेवून होते.

तिनं भिंतीवरून हात खाली घातला. मातीनं भरलेला हात माझ्या पाठीवर ठेवला आणि वरून खाली फिरवला.

‘सुम्निरु,’ ती म्हणाली. ‘सुम्निरु, काकी.’

तिला कानडीचा दुसरा एक शब्द येत नाही, अक्का. मी गप्प झाले. आणि त्या शब्दाचा मला पहिल्यांदाच काही संशय आला नाही.